मावळ्याच्या मुंडाशातली सावली: मिनिएचरचं शेडिंग पहिल्यापासून

दिवाळीच्या आधी दादरच्या फुटपाथवर मातीचे मावळे मांडलेले असतात. त्यातला एक उचला आणि हात लांब करून बघा. मुंडासं भगवं, अंगरखा हिरवा, धोतर पांढरं, सगळं जागच्या जागी आहे. तरी गडी चपटा दिसतो, पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखा. नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला, पत्ता लागत नाही. त्याला सावली नाही, एवढंच त्याचं दुखणं आहे.

खऱ्या माणसाच्या भुवईखाली, हनुवटीखाली, काखेत, धोतराच्या चुण्यांत सावली आपोआप पडते. तीन इंची मावळ्याच्या चुणीची खोली असते जेमतेम एक मिलीमीटर. खोलीतला उजेड तिच्यात चारी बाजूंनी शिरतो आणि सावली टिकतच नाही. म्हणून ती रंगाने पाडावी लागते. आकृती जितकी लहान तितका गडद आणि फिकट रंगातला फरक जास्त ठेवायचा. वॉरगेममधल्या, म्हणजे टेबलावर शिपाई मांडून खेळायच्या लढाईतल्या, २८ मिलीमीटरच्या शिपायावर तर तो हातात धरून बघताना चक्क भडक वाटतो. टेबलावर ठेवून दोन पावलं मागे या, तेव्हा तो माणूस दिसायला लागतो.

शिकायला मी मुद्दाम किल्ल्यावरचा मावळाच घ्या म्हणतो. परदेशी मिनिएचरचा, म्हणजे रंगवायच्या छोट्या आकृत्यांचा, डबा उघडला की हात कापतो, कारण एकेक आकृती महाग. मावळा दोन-चार वडापावच्या पैशांत येतो, त्याच्या चुण्या मोठ्या असतात, आणि बिघडला तर पुन्हा अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारून नव्याने सुरुवात करता येते. एकदम चार घ्या. पहिला बिघडणारच आहे.

सामान

क्रॉफर्ड मार्केटला उतरलात की समोर जेजे, म्हणजे १८५७ पासूनची कलाशाळा, आणि मागच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची घाऊक दुकानं. तिथे नाही तर तुमच्या स्टेशनबाहेरच्या आर्ट मटेरियलच्या दुकानात कॅमलच्या किंवा फेव्हिक्रिलच्या ॲक्रिलिक ट्यूबा मिळतात. दोन्ही कंपन्या मुंबईच्याच. कॅमल ज्यांनी काढलं, त्या दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तो शाईचा. यूट्यूबवरचा प्रत्येक जण सिटाडेल कंपनीचे सावलीचे तयार रंग, नुल्न ऑइल नाही तर ॲग्रॅक्स अर्थशेड, घ्यायला सांगतो. चांगलेच आहेत ते. पण सावलीचा रंग स्वतः कालवल्याशिवाय सावली म्हणजे काय ते कळत नाही, असं माझं मत आहे.

रंग घ्यायचे ते असे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, ऑरेंज, क्रिमसन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि एखादा हिरवा. काळी ट्यूब घेऊच नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन कालवले की जवळजवळ काळा होतो, आणि तो दुकानातल्या काळ्यासारखा मेलेला दिसत नाही. ॲक्रिलिक मीडियमची, म्हणजे रंग नसलेल्या ॲक्रिलिकची, एक बाटली हवी. त्याचं काम पुढे येईल.

ब्रश सिंथेटिकचे, गोल, दोन नंबर आणि शून्य नंबर. नवखा माणूस हमखास तीन शून्यांचा ब्रश घेतो, बारीक काम म्हणजे बारीक ब्रश असं वाटून. त्या चार केसांत रंग मावतोच किती? आकृतीपर्यंत पोचेस्तोवर टोकावर वाळतो. महत्त्व टोकाला आहे, ब्रशच्या पोटात रंग भरपूर हवा. कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर परत द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विकणंही गुन्हा आहे आणि जवळ ठेवणंही.

रंग वाळू नये म्हणून ओली पॅलेट करा. झाकणाचा पसरट डबा, तळाशी भिजवलेला स्पंज किंवा टिश्यूचे चार थर, वर केक भाजताना लावतात तो कागद. मेण लावलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. दोन दिवसांनी डबा धुवा. आपल्या हवेत तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो, चौथ्या दिवशी बुरशी.

उजेड ठरवा, मग ब्रश उचला

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर अडकतात. मावळ्यावर ऊन कुठून पडतंय ते आधी ठरवायचं. पहिल्या वेळी सोपं ठेवा: ऊन थेट डोक्यावरून. अंधाऱ्या खोलीत टेबललॅम्प मावळ्याच्या डोक्यावर धरा आणि मोबाइलवर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. मुंडाशाचा माथा, खांदे, नाकाचा शेंडा, पोटाचा फुगवटा, गुडघे उजळ दिसतील. भुवयांखाली, हनुवटीखाली, शेल्याच्या खालच्या कडेला, मांड्यांच्या मध्ये काळोख. हे फोटो रंगवताना समोर ठेवायचे. तुमचा नकाशा तो आहे, अंदाजपंचे काम नको.

श्रावणात लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात गेलात तर हेच मोठ्या मापात दिसेल. कारागीर बॉडी कलर मारून झाला की गनने बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पोटाच्या वळीखाली गडद रंगाचा हलका फवारा सोडतो. दोन मिनिटांत सपाट पोटाला गोलाई येते. मी तिथे तासभर नुसता उभा राहिलो आहे. आडोशाला उभं राहायचं, पाय कशाला लागू द्यायचा नाही आणि प्रश्न विचारायचे नाहीत. त्या दिवसांत त्यांना जेवायला वेळ नसतो.

साफसफाई आणि अस्तर

मावळा साच्यातून निघालेला असतो, म्हणून दोन्ही कुशींवरून साच्याची रेघ जाते. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासा. दुकानातला चकचकीत रंगही थोडा खरवडून घ्या. टवका उडाला असेल तिथे एम-सील. मग औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपने मावळा उभा करा. यापुढे बोटं बाटलीला लावायची, मावळ्याला नाही.

माती पाणी पिते. अस्तर नीट नसेल तर पातळ रंग जागच्या जागी शोषला जातो आणि भिंतीला ओल आल्यासारखे डाग पडतात. ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे, दोन पातळ हात द्या, त्यात थोडा अंबर आणि अल्ट्रामरीन घालून राखाडी केलेले. राखाडी अशासाठी की त्यावर गडद आणि उजळ दोन्ही लगेच कळतात.

स्प्रेच्या डब्याचं अस्तर जून ते सप्टेंबर विसरा. एका जुलैत मी घराच्या गॅलरीत पाच मावळे ओळीने उभे करून फवारले. बाहेर धो धो पाऊस होता. सकाळी पाचही जणांवर पांढुरका खरखरीत थर, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. हवेतल्या दमटपणाने केलेली करामत होती ती. पाचही पुन्हा घासावे लागले.

अस्तर वाळलं की पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून जुन्या फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त वरून खाली, मावळ्यावर झटका. जिथे ऊन पडणार तिथेच पांढरं लागेल. वरचे रंग पातळ असले की ही उजळणी त्यांच्याखालूनही जाणवते.

रंग किती पातळ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि उत्तर स्वयंपाकघरात आहे. मूळ रंग दुधासारखा हवा. ब्रशने पॅलेटवर ओढला तर सलग जावा, पण खालचं किंचित दिसावं. एका हातात झाकायचा हट्ट नको, दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. वरचे उजळ थर त्याहून जरा पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखे. चुण्यांत सोडायचा वॉश, म्हणजे सावलीचा अगदी पातळ रंग, कोऱ्या चहासारखा. ड्राय ब्रशला, म्हणजे अस्तरावर झटकला तशा पुसून कोरड्या केलेल्या ब्रशला, मात्र पाण्याचा थेंब नको.

पहिल्या हातात रंग ओघळला तर ब्रशवर पाणी जास्त आहे, रंगात नव्हे. ब्रश भरला की आधी फडक्याला टेकवायची सवय लावा. आणि पाण्याचं भांडं चहाच्या कपापासून लांब ठेवा. माझ्याकडून दोन्ही दिशांनी चूक झालेली आहे.

सावली काळी नसते

माझ्या पहिल्या मावळ्याला मी काळ्या रंगाची सावली दिली होती. भगव्या मुंडाशावर काळं पाणी सोडलं आणि खूश होऊन आईला दाखवलं. ती म्हणाली, "हा कोळशाच्या वखारीत कामाला आहे का रे?" बरोबर होतं तिचं. भगव्यात काळा मिसळला की सावली होत नाही, मळ होतो.

उन्हात वाळत घातलेल्या साड्या बघा. चाळीच्या गॅलरीत रोज दिसतात. केशरी साडीच्या घडीतला रंग काळा नसतो, गडद लालसर विटकरी असतो. पिवळीच्या घडीत मधाचा रंग असतो. तोच हिशेब मावळ्याला:

भगव्याला बर्न्ट सिएना आणि थोडा क्रिमसन. पिवळ्याला यलो ऑकर, मग सिएना, त्याच्याखाली जाऊ नका. लालला क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे वांगी रंगाकडे झुकलेला. हिरव्यात अल्ट्रामरीन आणि कणभर क्रिमसन. लाल हिरव्याची धार मारतो आणि रंग खोल होतो. पांढऱ्या धोतराला दोन पर्याय आहेत: निळसर राखाडी किंवा मातकट. मावळा डोंगरातून आला आहे, मी मातकट घेतो. शुद्ध पांढरा धोतराच्या मूळ रंगातही नको. मूळ रंग सायीसारखा ठेवा आणि पांढरा शेवटच्या दोन-चार कडांसाठी राखून ठेवा, नाहीतर उजळायला जागाच उरत नाही.

वॉश: पाण्याला काम करू द्या

आता एक धोतर जवळून बघू. सायीच्या रंगाचे दोन हात देऊन झालेत, वाळलेत. पॅलेटच्या कोपऱ्यात एक भाग बर्न्ट अंबर, दोन भाग मीडियम, चार-पाच भाग पाणी. नुसतं पाणी घातलं तर रंगातला चिकटपणा कमी होतो, वाळल्यावर तो बोटाने पुसला जातो. मीडियम त्यासाठी. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये टूथपिकचं टोक बुडवून या मिश्रणात एकदा फिरवा. पाण्याचा ताण कमी होतो आणि थेंब डोंगरासारखा उभा न राहता चुणीत पळतो.

दोन नंबरचा ब्रश भरा, फडक्याला टेकवा आणि टोक चुणीच्या वरच्या तोंडाशी नुसतं लावा. रंग आपोआप खाली धावेल. अख्ख्या धोतरावर वॉश फासू नका. तसं केलं की सगळं सारखंच मळकट होतं आणि मग लोक म्हणतात वॉशमध्ये मजा नाही. चुणी भरली की दुसरा स्वच्छ, ओलसर ब्रश घ्या आणि उंच भागावर चढलेला रंग टिपून घ्या. घोट्याशी थेंब साठतो, तोही टिपा.

मग हात बांधून बसा. अर्धवट वाळलेल्या वॉशला ब्रश लावला की वरची पापडी फाटते आणि खाली पांढरा चट्टा उघडा पडतो. मे महिन्यात वीस मिनिटं पुरतात, पावसाळ्यात तास धरा. तोवर दुसरा मावळा घ्या. चार घ्यायला सांगितलं होतं ते यासाठीही.

वाळल्यावर कडेने गडद कडी दिसली तर तो चहाच्या थेंबाचा डाग आहे. थेंबाची कड आधी वाळते, मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि रंगाचे कण सोबत घेऊन जातं. उपाय हाच की सपाट भागावर थेंब सोडायचा नाही. तरी कडी पडलीच तर मूळ रंगाने झाकून टाका, कुणाला कळत नाही.

वर चढत जायचं

वॉशनंतर मावळा हिरमुसलेला दिसतो. घाबरू नका, इथेच बरेच जण सोडून देतात. मूळ रंग पुन्हा पातळ करा आणि चुण्यांचे उंच भाग तेवढे परत रंगवा, सावलीला धक्का न लावता. मग त्यात थोडा उजळ रंग मिसळून आणखी अरुंद पट्टी, तीही उन्हाकडच्या बाजूलाच. तिसऱ्यांदा आणखी उजळ, नुसत्या कडेवर केसाएवढी.

उजळ करायलाही पांढरा डोळे झाकून घालू नका. भगव्यात लेमन यलो घाला. लालमध्ये ऑरेंज, कारण लालमध्ये पांढरा गेला की मुंडासं गुलाबी होतं आणि मावळा लग्नाच्या वरातीतला वाटतो. हिरव्यात पिवळा.

दोन पट्ट्यांमधली पायरी खटकत असेल तर ग्लेझ: मधल्या छटेचा रंग वॉशइतका पातळ करायचा, ब्रश जवळजवळ निथळून घ्यायचा आणि पायरीवरून एकच हात. ब्रश उचलतो तिथे रंग जास्त पडतो, म्हणून सावली गडद करायची असेल तर फटका सावलीत संपवा. तीन-चार ग्लेझ झाले की पायरी विरघळते. ओल्या रंगात ओला रंग मिसळायचीही पद्धत आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखाली बसून ते जमत नाही, पहिलं वर्ष तिच्या वाटेला जाऊ नका.

ड्राय ब्रश ढालीच्या खरखरीत पाठीवर, दाढीवर, घोड्याच्या आयाळीवर छान बसतो. कापडावर नको, खडूची धूळ उडाल्यासारखं दिसतं. तलवारीला नरम छटा नको: पात्याचा अर्धा भाग गडद निळसर राखाडी, अर्धा जवळजवळ पांढरा, मधे एकदम तुटक रेघ. धातू तसाच चमकतो.

चेहरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बघणारा आधी तिथेच बघतो. दुकानातल्या मावळ्यांचा चेहरा गुलाबी-पिवळसर असतो, असा मावळा सह्याद्रीत कुठे सापडला ते देव जाणे. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा, असा उन्हात रापलेला रंग करा. सावलीला त्यातच अंबर आणि थोडा क्रिमसन. ती डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली, मुंडाशाच्या कडेखाली कपाळावर आणि हनुवटीखाली गळ्यावर द्या. मुंडाशाखालची पट्टी विसरू नका. तिच्यामुळे मुंडासं डोक्यावर घातलेलं दिसतं, नाहीतर डोक्याला चिकटवलेलं. उजळायला मूळ रंगात ऑकर आणि सायीचा रंग. नाकाचा कणा, गालाची हाडं, वरच्या पापणीचा फुगवटा. खालच्या ओठावर क्रिमसनचा अगदी पातळ ग्लेझ.

डोळे रंगवण्याला गणपतीच्या कारखान्यात आखणी म्हणतात, आणि ते काम तिथे ठरावीक हातच करतो. आधी गडद तपकिरीने डोळ्याचा सगळा आकार भरा. त्यात सायीच्या रंगाचा त्याहून लहान आकार, कडेला तपकिरी रेघ उरेल असा. मग बुबुळ. ते वरच्या पापणीला टेकलेलं हवं. मधोमध सुटं ठेवलंत तर मावळ्याने भूत पाहिल्यासारखं वाटतं. नजर जराशी बाजूला वळवली तर दोन डोळ्यांतला बारीक फरकही खपून जातो. श्वास सोडताना ब्रश टेकवा, दोन्ही मनगटं टेबलाला लावून. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावा, लाजू नका. उजेड डाव्या हाताकडून येऊ द्या, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट.

इथे दमलात तर थांबा, डोळे उद्या होतील. मी शेजारच्या मुलाला पहिला पूर्ण झालेला मावळा दाखवला तेव्हा त्याने तो हातात घेऊन खिडकीकडे वळवला, मग दाराकडे, आणि विचारलं, "काका, याच्यावर ऊन कुठून येतंय?" दिवाळीच्या पैशांपेक्षा मला ते जास्त वाटलं.

वॉर्निश

मॅट घ्या. चकचकीत वॉर्निशवर खोलीतल्या ट्यूबलाइटची खरी चमक पडते आणि तुम्ही रंगवलेला उजेड तिच्याशी भांडायला लागतो. ब्रशने लावायचं, पातळ दोन हात. बाटली आधी नीट हलवा. मॅट करणारी पावडर तळाशी बसते आणि न हलवता लावलं तर चेहऱ्यावर पांढरट धुकं येतं. तलवारीच्या पात्यावर आणि बुबुळांवर तेवढा चकचकीत वॉर्निशचा एकेक टिपका चालेल.

ब्रश लगेच धुवा, आधी साध्या पाण्यात, मग अंगाच्या साबणावर गोल फिरवून, आणि ओठांऐवजी बोटांनी टोक करा. पत्र्याच्या नळीत रंग शिरला की ब्रश फाकतो आणि मग कितीही साबण लावा, तो मिशी रंगवण्यापुरताही उरत नाही.

शेवटी मावळा बाटलीवरून सोडवा आणि उलटा करा. पायाखालची बैठक कोरी असेल, टेपखाली राहिलेली. तिथे वॉर्निशचे तीन हात द्या. किल्ल्यावर अळीव पेरलेले असतात, पोरं सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात, आणि कोरी माती ते पाणी खालून पिते. चौथ्या दिवशी धोतर पायापासून सुटायला लागतं.